४० मायक्रॉनचा हिशेब

पावसाळा सरला की रत्नागिरीतल्या गॅरेजांत रबिंग-पॉलिशची कामं वाढतात. चार महिने चिखल, पागोळ्या आणि खारा वारा खाल्लेली गाडी दसऱ्याला पुजायची तर ती जरा उजळलेली हवी. अलीकडे या गर्दीतून काही वेगळी मंडळी बाजूला निघाली आहेत. त्यांना गाडी गॅरेजात द्यायची नाही, स्वतःचा पॉलिशर घेऊन अंगणातच काम करायचं आहे. त्यांचं चुकत नाही. गाडीच्या मालकानं सुट्टीच्या दिवशी सावकाश केलेलं काम, दिवसाला चार गाड्या बाहेर काढायच्या असलेल्या कारागिरापेक्षा सरस होऊ शकतं. फक्त यंत्र बरोबर निवडलं पाहिजे. दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचं दाखवू?" वॅट हा खरं तर शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की गाडीवर घासण्यासारखं आहे तरी किती?

घासायचं ते काय?

गाडीचा रंग म्हणजे एकावर एक चढवलेले थर. पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग अख्खा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या मदतीनं गंजरोधक थर बसवतात. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. हे सगळं भट्टीत भाजून पक्कं केलेलं असतं. सगळे थर मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. आपल्या कामाचा जो क्लिअर कोट, तो ३५ ते ५० मायक्रॉनचा. हिशेबाला ४० धरू.

गाडीची चकाकी या ४० मायक्रॉनमध्ये आहे आणि खालच्या रंगाचं उन्हापासून रक्षणही तोच थर करतो. या थरांची विद्या रत्नागिरी जिल्ह्याला परकी नाही. १९२० साली मुंबईच्या लोअर परळमध्ये 'गहागन पेंट्स अँड व्हार्निश' या नावानं सुरू झालेली आणि आज 'कन्साई नेरोलॅक' म्हणून ओळखली जाणारी कंपनी देशातल्या मोटार कारखान्यांना रंग पुरवणाऱ्या प्रमुख कंपन्यांपैकी एक आहे. तिचा एक कारखाना खेड तालुक्यात लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत आहे.

आता पॉलिशचा अर्थ लक्षात येईल. ओरखडा म्हणजे क्लिअर कोटमध्ये पडलेली चर. पॉलिश ती चर भरत नाही. चरीच्या दोन्ही बाजूंचा थर घासून चरीच्या तळाशी आणतं, म्हणून चर दिसेनाशी होते. जोरदार रबिंगमध्ये २ ते ५ मायक्रॉन सहज जातात. हलक्या हातानं केलेल्या शेवटच्या पॉलिशमध्ये एक-दीड किंवा त्याहून कमी. जाणकार कारागीर गाडीच्या सबंध आयुष्यात ८-१० मायक्रॉनपेक्षा जास्त काढू नये असं मानतात. हिशेब सरळ आहे. जोरदार रबिंगची संधी एका गाडीला दोन-तीनदाच मिळते आणि गेलेला थर परत येत नाही. म्हणून घरच्या वापराचं यंत्र निवडताना ते किती कापतं हे नंतर बघावं. हात चुकला तर ते किती माफ करतं, हे आधी.

जाळं कुठून येतं

रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली काळी किंवा गडद निळी गाडी उभी केली, की दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात. पाहणाऱ्याला वाटतं, कुणीतरी गोल गोल घासलं. प्रत्यक्षात ते बारीक ओरखडे सगळ्या दिशांना पसरलेले असतात. त्यांतले जे प्रतिबिंबाला आडवे पडतात तेवढेच उजेड डोळ्याकडे फेकतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. दिवा सरकवा, वर्तुळं त्याच्याबरोबर सरकतात.

हे ओरखडे बहुतेक वेळा आपणच पाडलेले असतात. सकाळी उठून कोरड्या फडक्यानं गाडी झाडायची सवय हे त्याचं मूळ. आपल्याकडे गाडीवर बसते ती जांभ्याची तांबडी धूळ. महामार्गाच्या कामाच्या पट्ट्यातून गाडी आली असेल तर खडीची भुकटी. आणि मांडवी, भाट्ये, मिऱ्या या बाजूला राहत असाल तर वाऱ्याबरोबर आलेली बारीक वाळू. वाळूतल्या क्वार्ट्झची कठिणता मोह्‌ज मापावर ७ आहे. आपल्या किनाऱ्यावरची काळी वाळू ज्या इल्मेनाइटमुळे काळी दिसते, तेही ५-६ च्या घरातलं. क्लिअर कोट म्हणजे शेवटी प्लॅस्टिकचाच एक प्रकार. यांच्यापुढे त्याचा टिकाव लागत नाही. दसऱ्याला बॉनेटवर काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक दुसऱ्या दिवशी कोरडं खरवडून काढतात, तिथेही हेच होतं. आधी भरपूर पाणी, मग शांपू, मग मऊ मायक्रोफायबर, हा क्रम पाळला तर पॉलिशरची गरज निम्म्यानं कमी होते. सवय न बदलता यंत्र घेतलं, तर दरवर्षी ओरखडे पाडायचे आणि दरवर्षी थर उतरवायचा, असं चक्र सुरू होतं.

खरेदीआधी एक सोपी तपासणी करा. ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर ती चर खोल आहे. कुठलंही यंत्र ती सुरक्षितपणे काढणार नाही, तिथे टचिंगच करावं लागेल. नख अडकत नसेल, पण उन्हात जाळं दिसत असेल, तर ते पॉलिशरचं काम. गाडी पांढरी असेल तर आणखी एकदा विचार करा. भारतात सर्वाधिक विकला जाणारा रंग पांढराच आणि पांढऱ्यावर हे जाळं जवळजवळ दिसत नाही. पांढऱ्या गाडीचं दुखणं वेगळं असतं: तांबूस डाग, लोखंडाचे बारीक ठिपके, आंब्याचा चीक. त्यावर डाग काढणारं द्रावण आणि क्ले बार, म्हणजे रुतलेले कण उचलणारी मऊ वडी, पुरते. यंत्राचे पैसे वाचतात.

तीन जातींची यंत्रं

बाजारात पॉलिशर म्हणून जे मिळतं त्याच्या ठळक जाती तीन.

पहिली रोटरी. गॅरेजात ज्याला नुसतं 'बफिंग मशीन' म्हणतात ते हेच. मोटर गिअरमधून दांडा फिरवते, दांड्यावर पॅड बसवलेला असतो आणि तो एका जागी, एकाच दिशेनं गरागरा फिरतो. वेग मिनिटाला साधारण ६०० ते ३,००० फेरे. मकिताचं ९२३७सी किंवा डीवॉल्टचं डीडब्ल्यूपी ८४९एक्स ही या जातीतली नावाजलेली यंत्रं.

दुसरी डीए, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन. हिच्यात पॅडची हालचाल सहाणेवर चंदन उगाळताना होते तशी असते: खोड स्वतःभोवती फिरत नाही, पण हात त्याला लहान लहान वर्तुळांत फिरवतो. यंत्रातही मोटर पॅडला अशी चक्करं मारायला लावते. शिवाय पॅड एका मोकळ्या बेअरिंगवर बसवलेला असल्यामुळे चक्कर मारता मारता तो स्वतःभोवतीही हळूहळू फिरू लागतो. हे फिरणं सक्तीचं नसतं. जोर जास्त झाला की थांबतं. अमेरिकेत पोर्टर-केबलच्या ७४२४ मालिकेनं हा प्रकार घरोघरच्या हौशी लोकांत नेला. पुढे मिलानजवळच्या रुपेस या १९४७ साली सुरू झालेल्या इटालियन कंपनीनं 'बिगफूट' मालिकेत चक्करांचा घेर, म्हणजे चक्कराच्या वर्तुळाचा व्यास, १५ आणि २१ मिलिमीटरपर्यंत वाढवला. घेर मोठा, पण यंत्र हातात थरथरत नाही, असं ते जमलं आणि डीएकडे बघण्याची व्यावसायिकांची नजरही बदलली.

तिसरी जात गिअरवाल्या डीएची. चक्करही आहे आणि पॅडचं फिरणंही गिअरनं सक्तीचं केलेलं. जर्मन फ्लेक्स कंपनीचं एक्ससी ३४०१ हे याचं ठळक उदाहरण. रोटरीइतकं नाही, पण मोकळ्या डीएपेक्षा हे जास्त कापतं. हाताला झटकेही देतं.

यांच्यातला फरक आकड्यांत बघण्यासारखा आहे. १५० मिलिमीटर व्यासाचा पॅड रोटरीवर मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी फिरतोय असं समजा. पॅडची कड एका फेऱ्यात सुमारे ४७ सेंटिमीटर अंतर कापते. सेकंदाला २५ फेरे, म्हणजे कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ १२ मीटर. त्याच वेळी पॅडच्या मध्यभागी वेग शून्य. म्हणजे एकाच पॅडखाली कुठे काहीच घासलं जात नाही आणि कुठे प्रचंड. यंत्र जरासं तिरकं झालं की सगळा भार त्या १२ मीटरवाल्या कडेवर येतो.

आता १५ मिलिमीटर घेराचा डीए घ्या, मिनिटाला ४,००० चक्करं. प्रत्येक चक्करात पॅडवरचा प्रत्येक बिंदू सुमारे ४७ मिलिमीटर चालतो. सेकंदाला ६७ चक्करं धरली तर वेग येतो सेकंदाला ३ मीटरच्या थोडा वर. मध्यभागी काय आणि कडेला काय, हा वेग जवळपास सारखाच. शिवाय घासण्याची दिशा क्षणाक्षणाला बदलते, त्यामुळे एकाच दिशेच्या रेघा उठत नाहीत. रोटरीनं घाईत केलेल्या गाडीवर उन्हात जे लांब, तरंगणारे पट्टे दिसतात आणि ज्यांना कारागीर 'होलोग्राम' म्हणतात, ते डीएमध्ये सहसा येत नाहीत.

घर्षणाची उष्णताही वेगाबरोबर वाढते. पत्रा ती उष्णता पसरवून टाकतो; बंपर प्लॅस्टिकचा असल्यामुळे ती तिथेच साठते. म्हणून रोटरीनं रंग जाळल्याच्या तक्रारी बहुतेक बंपरवर आणि दाराच्या, बॉनेटच्या टोकदार कडांवर येतात. कडांवर मुळातच रंगाचा थर पातळ बसलेला असतो. तिथे दोन सेकंद जास्त थांबलं की खालचा प्रायमर डोकावतो.

म्हणजे घरच्या वापरासाठी उत्तर सरळ आहे: मोकळ्या पॅडचा डीए. वेळ जास्त लागेल. अख्खी गाडी करायला दोन सुट्ट्या जातील. पण जोर जास्त झाला तर पॅड फिरायचा थांबतो आणि काम थंडावतं. नवशिक्याला अशी आपोआप सावरणारी व्यवस्था हवीच.

एक गोष्ट मात्र मुळीच करू नये. घरात असलेल्या अँगल ग्राइंडरला पॉलिशिंग पॅड बसवून काम भागवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. १०० मिलिमीटरच्या पॅडवर हे कडेला सेकंदाला ५७ मीटरच्या घरात जातं, म्हणजे वरच्या रोटरीच्या जवळजवळ पाचपट. पॅडचा वेलक्रो वितळून पॅड उडालेला तेव्हाच कळतो जेव्हा तो शेजारच्या गडग्यावर आपटतो. आणि गाडीचं काय झालं, ते पेंटरच सांगतो.

घेर, पॅड आणि आपल्या गाड्या

डीए घ्यायचा ठरला की पुढचा आकडा घेराचा. साधारणतः ८, १२, १५ आणि २१ मिलिमीटर असे घेर मिळतात. घेर मोठा तितका सपाट भागावर कामाचा उरक जास्त. मोठ्या एसयूव्हीचं बॉनेट आणि छत २१ मिलिमीटरवाला झटपट उरकतो. पण वळणदार भागावर पॅडचा काहीच भाग टेकतो, बेअरिंगवरचं मोकळं फिरणं थांबतं आणि यंत्र नुसतं थरथरत राहतं. आपल्याकडच्या छोट्या हॅचबॅकांच्या दारांवर उठलेल्या रेघा असतात, बंपरला कोपरे असतात, चाकावरचे फुगवटे असतात. अशा गाडीवर ८ किंवा १२ मिलिमीटरचं यंत्र जास्त आज्ञाधारक वागतं. घरात एकच यंत्र ठेवायचं तर १२ ते १५ च्या दरम्यानचं घ्यावं.

पॅड फिरतोय की थांबलाय हे वेगात डोळ्याला कळत नाही. त्यावर कारागिरांची एक युक्ती आहे. पॅड ज्यावर बसतो त्या प्लेटच्या कडेवर काळ्या मार्करनं एक जाड रेघ मारायची. काम करताना रेघेचा फिरता पट्टा दिसत राहिला म्हणजे पॅड फिरतो आहे. रेघ एका जागी थरथरताना दिसली की हात हलका करायचा किंवा पॅड सपाट टेकवायचा. अर्ध्या तासात हाताला सवय होते.

प्लेटचं माप विसरू नका. ५ इंची, म्हणजे १२५ मिलिमीटरची प्लेट आणि त्यावर साडेपाच इंची पॅड हे घरगुती कामाला सोयीचं. ६ इंची प्लेट सपाट भागाला बरी, पण आरशाखाली आणि नंबरप्लेटच्या भोवती ती शिरत नाही. तीन इंची लहान पॅड काही यंत्रांना बसतो, काहींना नाही. ज्याचा घेर मोठा आहे त्या यंत्राचं वजन मोठ्या पॅडशी समतोल साधून बसवलेलं असतं. त्याला लहान पॅड लावला की ते हाताला मुंग्या आणतं.

प्लग, व्होल्ट आणि खारी हवा

आता वॅटकडे वळू. डीए पॉलिशर साधारण ५०० ते ९०० वॅटचे असतात. आपल्या २३० व्होल्टवर ९०० वॅट म्हणजे ४ अँपिअरच्या आसपास; घरातल्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतं. रोटरी १,२०० वॅटच्या आसपासची. तिला १६ अँपिअरचं सॉकेट बरं. अंगणापर्यंत वायर न्यायची तर एक्स्टेन्शन बोर्डची वायर दीड चौरस मिलिमीटरची घ्या. टीव्हीसाठीच्या बारीक वायरीवर यंत्र मरगळतं आणि वायर गरम होते. घरच्या इन्व्हर्टरवर यंत्र चालवू नका.

वॅटपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगाच्या नियंत्रणाची. चांगल्या यंत्रात भार आला तरी वेग टिकवून धरणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं आणि सुरू होताना ते झटका न देता हळूहळू वेग घेतं. स्वस्त यंत्रात तबकडीवर १ ते ६ आकडे असतात, पण पॅड टेकवला की वेग निम्म्यावर येतो. दुकानात चालू करून बघताना हवेत फिरवून समाधान मानू नका. पॅड एखाद्या फळीवर टेकवून, थोडा जोर देऊन आवाज ऐका. आवाज बसला तर यंत्र कच्चं.

आपल्याकडे कितीतरी घरांत कुणी ना कुणी परदेशात असतं आणि येताना अवजारं घेऊन येतं. आखातातून आणलेलं यंत्र बहुतेक वेळा २२०-२४० व्होल्टचं असतं. त्याचा फक्त तीन चौकोनी पिनांचा प्लग बदलावा लागतो. अमेरिकेतून आलेलं यंत्र मात्र १२० व्होल्टचं. ते थेट आपल्या सॉकेटला लावलं तर दोन मिनिटांत धूर. यंत्राच्या पोटावरची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नये. त्याच पट्टीवर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असेल तर यंत्राला दुहेरी इन्सुलेशन आहे. ओल्या अंगणात काम करायचं असल्यामुळे ती खूण हवीच, आणि घराच्या बोर्डात आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारी कळ, बसवलेली असेल तर उत्तम. पायात रबरी चप्पल, डोळ्यांवर चष्मा, गळ्यात ओढणी किंवा उपरणं नाही, आणि वायर खांद्यावरून मागे.

समुद्राची हवा यंत्रालाही सोडत नाही. वापर झाला की त्याचे हवेचे झरोके पुसून, कोरडं करून झाकणाच्या डब्यात ठेवावं. मोटरचे कार्बन ब्रश झिजतात, ते इथे मिळतात का, आणि बिघडलं तर कोल्हापूर-पुण्याला धाडावं लागेल का, हे पैसे देण्याआधी विचारावं. स्वस्त अनोळखी यंत्र आणि नावाजलेलं युरोपीय यंत्र यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक आहे. वर्षातून एकदा, एका गाडीसाठी वापरायचं तर मधल्या किमतीचं, पण सुटे भाग मिळणारं यंत्र पुरेसं. दोन-तीन घरांनी मिळून घेतलं तर आणखी बरं. शेजाऱ्याकडे शिडी मागायला जाणाऱ्यांना यात संकोच वाटायचं कारण नाही.

कापतो तो पॅड

गाडीवर प्रत्यक्ष काम यंत्र करत नाही. पॅड आणि कंपाऊंड करतात. त्यामुळे सगळे पैसे यंत्रावर घालून पॅड एकच आणला, तर व्यवहार आतबट्ट्याचा. लोकरीचा पॅड सर्वाधिक कापतो, त्याखालोखाल मायक्रोफायबर, मग कडक फोम, मग मऊ फोम. फोमचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. पिवळा म्हणजे कडक असा काही सर्वमान्य नियम नाही. पाकिटावरचं वाचा.

कंपाऊंडमध्ये अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडसारखे अतिसूक्ष्म कण असतात. काही प्रकारांत ते घासता घासता फुटून आणखी बारीक होतात, म्हणून ठरावीक वेळ काम केल्याशिवाय चमक येत नाही. काहींत ते मुळातच बारीक आणि सारखे असतात. थ्रीएम, मेग्वायर्स, मेन्झर्ना ही आपल्याकडे सहज मिळणारी नावं. सुरुवातीला मध्यम पॉलिशची एक बाटली आणि मऊ-मध्यम फोमचे निदान चार पॅड पुरतात. पॅड चार का? रंगाची भुकटी भरून पॅड जाम होतो आणि तसाच पुढे नेला तर तोच नवे ओरखडे पाडतो. प्रत्येक भाग झाला की ब्रशनं पॅड साफ करायचा, आणि दोन-तीन भागांनंतर बदलायचा.

कामाची सुरुवात नेहमी चाचणीच्या तुकड्यानं करावी. बॉनेटवर दीड-दोन फूट चौरस जागा घ्या. सर्वांत मऊ पॅड, सर्वांत हलकं पॉलिश. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब. यंत्र बंद असतानाच पॅड रंगावर टेकवायचा, सर्वांत कमी वेगावर पॉलिश पसरवायचं, मग वेग वाढवून आधी आडवे आणि मग उभे असे चार-पाच हात. हात सावकाश, सेकंदाला इंच-दीड इंच. मायक्रोफायबरनं पुसून, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पातळ द्रावणानं तेलकटपणा काढून, टॉर्चखाली बघा. पॉलिशमधलं तेल ओरखडे तात्पुरतं झाकतं, म्हणून ही अल्कोहोलची पुसणी चुकवू नये. ओरखडे गेले तर हीच जोडी सगळ्या गाडीला. नाही गेले तर एक पायरी कडक. मारुती, टोयोटा, होंडा यांचा क्लिअर कोट साधारणतः मऊ असतो आणि हलक्या पॉलिशला लवकर दाद देतो. फोक्सवॅगन, स्कोडा यांचा कडक, वेळखाऊ.

घासण्याआधी गाडी धुऊन क्ले बार फिरवणं आवश्यक. रेल्वे स्थानकाच्या किंवा महामार्गाच्या जवळ गाडी उभी राहत असेल तर रंगात ब्रेकच्या लोखंडाचे कण रुतलेले असतात. लोखंड विरघळवणारं द्रावण फवारलं की ते जांभळे होऊन ओघळताना दिसतात. ते काढल्याशिवाय पॉलिशर फिरवला तर हेच कण पॅडखाली गोल फिरतील. पट्ट्या, रबर आणि टोकदार कडांवर पेंटरची चिकटपट्टी लावावी. काळ्या प्लॅस्टिकवर कंपाऊंड सुकलं की पांढरे डाग राहतात.

केव्हा करायचं, केव्हा नाही

रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्या दमट हवेत पॉलिश चिकट होऊन पुसता पुसत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी पत्रा इतका तापतो की थेंब पडताच सुकतो. कामाचे दिवस म्हणजे ऑक्टोबर अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत, तेही सकाळी, सावलीत, पत्र्याला हात लावून गार लागत असताना. सावली आंब्याखालची मात्र नको. मोहोर लागला की तुडतुड्यांचा चिकट स्राव आणि नंतर चीक, दोन्ही गाडीवर गळतात. चीक पडलाच तर लगेच ओल्या कापडानं भिजवून काढावा. उन्हात वाळला की क्लिअर कोटला खाऊन जातो. पॉलिश झाल्यावर वॅक्स किंवा सीलंटचा हात द्यावा आणि तोच मे महिन्यात पावसाआधी पुन्हा द्यावा. ते काम हातानंच होतं.

काही ठिकाणी यंत्र लावूच नये. मॅट रंगावर नाही, तो चकाकला म्हणजे बिघडला. पारदर्शक फिल्म लावलेल्या भागावर नाही. सिरॅमिक कोटिंग केलेल्या गाडीवर पॉलिशर फिरला की कोटिंगही निघून जातं. अपघातानंतर रंगवलेला भाग गॅरेजातल्या कमी तापमानावर सुकवलेला असतो. त्याचा क्लिअर कोट किती आहे आणि खाली पुट्टी किती, हे बाहेरून कळत नाही. जाडी मोजायचं लहानसं मीटर पत्र्यावर टेकवलं की सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतं. १२०-१३० आकडा आला तर बहुधा कारखान्याचा रंग, ३०० च्या पुढे गेला तर कुणीतरी आधी हात मारलेला, आणि ८०-९० वर आला तर आधीच कुणीतरी बरंच घासून ठेवलेलं. प्लॅस्टिकच्या बंपरवर हे मीटर चालत नाही.

आणि चकाकीच्या नादात गंज विसरू नये. समुद्राकाठच्या गाडीचा खरा वैरी तो आहे. खडी लागून उडालेला रंगाचा टवका, दाराच्या खालची कड, चाकामागचा भाग इथे मीठ साचतं आणि पत्रा आतून खातं. पॉलिशर तिथे काहीच करू शकत नाही. टवक्यावर वेळेत टचिंग आणि पावसाळ्यानंतर गाडीच्या पोटाला पाण्याचा जोरदार मारा, यांचा खर्च पॉलिशच्या एका बाटलीपेक्षा फारसा नाही.

तेव्हा खरेदीचा क्रम असा ठेवावा: आधी दोन बादल्या, चांगला शांपू आणि मायक्रोफायबर. महिनाभर त्यानं धुऊन बघा. मग गाडी गडद रंगाची असेल, जाळं तरीही खुपत असेल आणि मीटरवर आकडा पुरेसा असेल, तर १२ ते १५ मिलिमीटर घेराचा, ५ इंची प्लेटचा, वेग टिकवणारा डीए घ्या. हलक्या पॉलिशचा एक हात गाडीकडून एखादाच मायक्रॉन घेतो. वर्षाआड एकदा एवढ्यावर थांबलात, तर गाडी विकायची वेळ येईपर्यंत क्लिअर कोट पुरून उरेल.